भरल्या हौदावरची मोटार

आज सकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर काळे बारीक कण दिसले. असे कण हाताने पुसायचे नसतात. पुसायला गेलं की लांब रेघ उठते आणि ती साबणालाही दाद देत नाही. चादर नुसती झटकायची, हे सांगलीत इतकी वर्षं राहून अंगवळणी पडलं आहे. कण दिसले म्हणजे साखर कारखाने सुरू झाले. आमच्याकडे उसाचं गाळप सुरू होतं आणि थंडी पडायला लागते, हे दोन्ही बरोबरच होतं. आधी रस्त्यावर गाणी वाजवत जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतात, मग ही राख येते, आणि मग एका पहाटे नळाचं पाणी बोटांना चावायला लागतं. या दिवसांत लोकांना हुरडा आठवतो, शेकोटी आठवते, गरम गूळ आठवतो. मला हीटर आठवतो. चादर झटकताना माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की गावाकडे हौदाच्या फिल्टरमध्ये आता राख बसायला लागली असेल.

आमचं औषधाचं दुकान आहे. नवरा आणि मी, दोघंही काउंटरवर उभे असतो. मार्केट यार्ड जवळ असल्यामुळे हंगामात दुकानात हळदीची पिवळी धूळ असते, आणि शिंकत शिंकत शिंकेचीच गोळी मागणारी गिऱ्हाइकं असतात. या धंद्यात राहून मला एक सवय लागली आहे. कुठल्याही डब्यातला घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद मी शेवटपर्यंत वाचते. त्यामुळे आमच्या सगळ्या घराण्यात पोहण्याच्या तलावाच्या हीटरचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली मी एकटीच आहे. त्याचा काही उपयोग झाला नाही, ही गोष्ट वेगळी.

माझं माहेर कडेगावच्या बाजूला. माळाच्या कडेला घर, घरामागे गोठा, गोठ्यापलीकडे ऊस. वडील, म्हणजे आबा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि मग शेतीत घुसले. दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाली आणि आबांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं आठवड्याभरात परत आलं, हातही बऱ्यापैकी आला. डावा पाय मात्र ऐकेना. मिरजेहून घरी आणलं तेव्हा ते दोघांच्या खांद्यांवर हात टाकून आले, आणि खाटेवर बसल्यावर पहिलं वाक्य बोलले ते असं: "ह्यो पाय माझा न्हाई. कुनाचा हाय त्येला देऊन टाका."

सांगलीत ज्या फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाई त्यांना बघायच्या, त्या स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पायात ताकद येईल, पण भीती गेली पाहिजे. त्यांना कोमट पाण्यात छातीपर्यंत उभं करा, तिथे चालवा. पाण्यात वजन हलकं होतं, माणूस पडत नाही. पहिल्या काही महिन्यांत जेवढं परत येईल तेवढं आपलं, नंतर फार हाती लागत नाही. हे सगळं मी काउंटरपलीकडून लोकांना इतक्या वेळा सांगितलं आहे, की मला ते पाठ होतं. आपल्या बापाविषयी ऐकताना मात्र माझे कान बधिर झाले. म्हणजे त्या थंडीत आबा आपल्या पायांनी चालले तर चालले, नाहीतर पुढचं आयुष्य खाटेवर आणि दुसऱ्याच्या खांद्यावर.

सांगलीतल्या एका तलावावर त्यांना एकदा नेलं. पाणी बर्फासारखं होतं, आणि काठावर बरीच मंडळी. आबा पायऱ्यांपर्यंत आले आणि थांबले. "चार लोकांत मला पोत्यागत उचलून टाकनार व्हय?" म्हणाले. परतीच्या वाटेवर तासगाव येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते.

माझा धाकटा भाऊ सुभाष फौजेतच आहे. तो रजेवर आला होता. घरामागे त्याने ठिबकसाठी सिमेंटचा मोठा हौद बांधला होता. बोअरचं पाणी त्यात साठवायचं आणि तिथून उसाला सोडायचं. सुभाष त्या हौदाभोवती दोन दिवस फिरला आणि म्हणाला, "ताई, ह्यालाच पूल करूया." मग गवंडी आला, पायऱ्या बांधल्या, कठड्याला स्टीलचा दांडा बसवला, आत निळ्या फरशा लावल्या, वरून शेडनेट ओढलं. कडेगावच्या माळावर आमच्या घरी स्विमिंग पूल झाला. गावातले लोक बघायला यायचे, वाकून पाण्यात हात घालायचे आणि विचारायचे, "ह्यात आता मासं सोडनार काय?"

पाणी गरम करायचा पहिला प्रयत्न माझ्या चुलतभावाचा. तानाजीदादा आमच्या शेजारीच राहतो आणि गुऱ्हाळ चालवतो. तो म्हणाला, मशीन कशाला पाहिजे, माझी काहील आहे की! रसाऐवजी त्याने काहिलीत पाणी घातलं, खाली चिपाडं लावून चुलवाण पेटवलं आणि उकळतं पाणी ट्रॉलीवरच्या पिंपांतून आणून हौदात ओतलं. अर्धी गल्ली कामाला लागली होती. धुराने सगळ्यांचे डोळे लाल. शेवटचं पिंप रिकामं झाल्यावर तानाजीदादाने मोठ्या थाटात पाण्यात हात घातला, आणि काढला. पाणी गारच. एवढ्या आगीचं त्या हौदाने काय केलं ते कळलंच नाही. पाण्याला थोडासा गुळाचा वास मात्र लागला आणि दोन दिवस मुंग्या आल्या.

मग हीटर आणला. दिसायला तो मोठ्या एसीच्या बाहेरच्या पेटीसारखा. बसवायला आले ते मिरजेचे शकीलभाई. त्यांच्या वडिलांचं मोटारी रिवाइंडिंगचं दुकान होतं, शकीलभाई पुढे सोलर आणि हीटरच्या कामात पडले. बोलायला मोकळे आणि खायला शौकीन. आईच्या हातची भाकरी खाल्ल्याशिवाय त्यांनी आमच्याकडे कधी पाना हातात घेतला नाही. त्यांनी आम्हाला समजावलं की हे मशीन आग पेटवत नाही, हवेतली ऊब ओढून घेतं आणि पाण्याला देतं. लहान पंप हौदातलं पाणी ओढतो, ते फिल्टरमधून जातं, मग हीटरमधून, आणि कोमट होऊन परत हौदात येतं. हे दिवसभर चालू ठेवायचं. एका दिवसात तापणार नाही, दोन-तीन दिवस धीर धरायचा. रात्री हौदावर ताडपत्री ओढायची, नाहीतर कमावलेली ऊब सगळी आभाळात जाते.

आई हीटरच्या समोर उभी राहिली. पंखा तिच्या तोंडावर भसाभसा गार वारा सोडत होता.

"शकीलभाऊ, फशिवलं तुमाला," ती म्हणाली. "ह्ये तर गार वारं सोडतंय!"

"मावशी, हवेतली गर्मी काढून घेतली, मग मागं गारच ऱ्हानार की."

आईला ते पटलं नाही, पण तिने त्याचा उपयोग शोधून काढला. दुसऱ्या दिवसापासून मेथीच्या जुड्या आणि कोथिंबीर हीटरसमोर टोपलीत बसलेली असायची, ताजी राहते म्हणून. शेतकऱ्याच्या घरात आलेली कुठलीही वस्तू एका कामावर राहत नाही.

पहिल्या आठवड्यात हीटर बंद पडला. मला वाटतं, तो बंद पडला म्हणूनच मी त्याच्याविषयी इतकं शिकले. जे धडपणे चालतं त्याची चौकशी कोण करतं? त्या वेळी कारण साधं निघालं. आईने ओली गोधडी हीटरच्या पाठीवर वाळत टाकली होती. हवा आत घ्यायची जाळी तिकडेच. शकीलभाई म्हणाले, "मावशी, त्याला श्वास घ्यायला जागा ठेवा." गोधडी काढली, मशीन सुरू झालं.

नंतर आली राख. कारखान्याच्या धुराड्याची एक, आणि ऊसतोड झालेल्या फडातलं पाचट पेटवतात त्याची दुसरी. संध्याकाळी आभाळातून काळ्या चिंध्या तरंगत यायच्या आणि निळ्या पाण्यावर बसायच्या. फिल्टर तुंबायचा, पाण्याची धार बारीक व्हायची आणि हीटर पडद्यावर खूण दाखवून गप्प बसायचा. पुरेसं पाणी आल्याशिवाय तापवायचं नाही, नाहीतर आतून जळायला होतं, म्हणून त्याला तशी अक्कल दिलेली असते. मी पुस्तकात बघितलं तर त्या खुणेसमोर लिहिलं होतं: पाण्याचा प्रवाह नाही. मी आईला फोनवर फिल्टर उलटा धुवायला शिकवलं. ती रोज दूध काढून झालं की फिल्टर धुवायची, आणि दोन्ही कामं तिने एकाच रांगेत बसवली.

त्यानंतर बोअरच्या पाण्यातला क्षार. आमचं पाणी इतकं जड की डाळ शिजता शिजत नाही आणि बादलीला वर्षात पांढरं अस्तर येतं. ते हीटरच्या नळीतही आलं. शकीलभाईंनी नळी खोलून धुऊन दिली. मग व्होल्टेज. शेतीची लाइट आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि घरातले बल्ब तोंड पाडून बसतात. आमच्या पंपाची स्टार्टरची पेटी गोठ्याच्या भिंतीवर आहे, हिरवं बटण चालू करायला, लाल बंद करायला. व्होल्टेज पडलं की ती पेटी आपोआप खटका पाडायची, पंप थांबायचा, पाणी थांबलं की हीटर थांबायचा. शकीलभाईंनी स्टॅबिलायझर बसवला.

मध्यंतरी पाणी हळूहळू तापत होतं. सकाळी अकराच्या सुमाराला, ऊन नीट हौदावर आलं की तानाजीदादा आबांना पाण्यात उतरवायचा. फौजेतली खाकी हाफ पँट, वर बनियन. पाण्यात छातीपर्यंत उभे राहिले की आबांचा चेहरा बदलायचा. एका हाताने दांडा धरून ते स्वतःच्या डाव्या पायाला हुकूम द्यायचे. "कदम ताल! ए, तुला सांगतोय. उठा!" पहिले काही दिवस पाय फरशीवरून नुसता घसरायचा. मग एकदा तो खरोखर उचलला गेला, पाण्यातून गुडघा वर आलेला मी स्वतः पाहिला, आणि काठावर बसून मी रडले. आबा पाण्यातून ओरडले, "रडायला काय झालं? टावेल आन!"

पण ते पाण्यातलं. पाण्याबाहेर आले की आबा हात पुढे करायचे, आणि कुणीतरी तो धरेपर्यंत जागेवर खिळून राहायचे. न्हाणीघरात ते एकदा पडले होते, आईच्या देखत. लागलं नव्हतं. पण ते पडणं त्यांच्या मनातून जाईना. फिजिओच्या डॉक्टरीणबाई प्रत्येक खेपेला म्हणायच्या, "पायात ताकद आहे हो. हे एकटे का चालत नाहीत?" आणि प्रत्येक खेपेला आबा हात पुढे करून बसलेले. पौष आला. थंडी तीळ-गुळाला आली, तीळ-गूळ वाटून झाला. दिवस चालले होते आणि मला धसका बसायला लागला होता.

त्यात हीटर पुन्हा बंद पडायला लागला.

या वेळचं दुखणं विचित्र होतं. राख नव्हती, आई फिल्टर रोज धूत होती. क्षार नुकताच काढला होता. व्होल्टेजला स्टॅबिलायझर होता. तरी रोज दुपारी आईचा फोन यायचा, "त्ये मशीन परत निजलं बघ." पडद्यावर तीच खूण: पाण्याचा प्रवाह नाही. पंप थांबलेला. हिरवं बटण दाबलं की सगळं सुरळीत चालू, आणि तासा-दोन तासांनी परत बंद. मी दर शनिवारी जायचे तेव्हा हीटर शहाण्या मुलासारखा चालायचा. शकीलभाई दोनदा येऊन गेले, त्यांच्यासमोरही चालला. त्यांनी स्टार्टरमधला रिले बदलला. मग वायर बदलली. भाकऱ्या खाल्ल्या. जाताना डोकं खाजवत म्हणाले, "ताई, आता आख्खी पेटीच बदलतो. माझ्या बापानंसुद्धा असला खटका बघितला नसंल."

पेटी बदलायच्या आधीच मला कारण सापडलं. त्यात हुशारी काही नव्हती. कऱ्हाडला नात्यात साखरपुडा होता. तिथून परतताना, मधला वार असूनही, मी न कळवता गावाकडे वळले. शेतातून मागच्या वाटेने घराकडे आले. शेजारच्या फडात तोड चालू होती, त्या आवाजात माझी चाहूल कुणाला लागली नाही.

आबा हौदाजवळ उन्हात खाटेवर बसले होते. आसपास कुणी नव्हतं. हौद काठोकाठ भरलेला, आणि पंप घुंघुं करत चाललेला. आबांनी एकदा हौदाकडे बघितलं, एकदा गोठ्याच्या भिंतीकडे. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. मग खाटेच्या कडेला दोन्ही हात रोवून उठून उभे राहिले.

मी पिशवी टाकून धावणारच होते. पाय हलले नाहीत, हे बरं झालं.

आबा चालायला लागले. डावा पाय थोडा ओढत, दोन्ही हात बाजूला पसरून, जमिनीकडे बघत. खाट मागे राहिली आणि भिंत अजून लांब होती, मध्ये धरायला काही म्हणजे काही नव्हतं. ते थांबले, डुलले, पुन्हा निघाले. भिंतीला हात लागला तसा त्यांनी श्वास सोडला, वर हात केला आणि लाल बटण दाबलं. पंप थांबला. "हौद भरून वाहतोय आन मोटार चालूच," ते भिंतीला म्हणाले. "ह्या घरात कुनाला ध्यान हाय का न्हाई!"

मग तसेच परत आले. खाटेवर टेकले. पाणी थांबल्यामुळे हीटरने शीळ घातली आणि त्याच्या पडद्यावर खूण लुकलुकायला लागली. आबांनी त्याच्याकडे त्रासिक नजरेने बघितलं.

"आता तुला काय झालं?" त्यांनी हीटरला विचारलं.

ज्यांचं आयुष्य विहिरीवर गेलं आहे त्यांनाच हे कळेल. भरल्या टाकीवर मोटार चालू असल्याचा आवाज आमच्याकडच्या माणसाला सोसतच नाही. पाहुण्याच्या घरी जेवताना हा आवाज कानावर आला तरी आमची माणसं घास हातात धरून विचारतात, "मोटार बंद केलीया न्हवं?" आबांना हौद म्हणजे काय ते ठाऊक होतं: भरायचा असतो, भरला की मोटार बंद करायची असते. तेच पाणी दिवसभर गोल गोल फिरवत ठेवायचं असतं, हे शकीलभाईंनी समजावलं तेव्हा त्यांनी मान डोलावली होती. कानांनी मात्र ते कधी मान्य केलं नाही.

मी वळसा घालून स्वयंपाकघरात गेले. आई चुलीपाशी उभी होती, खिडकीच्या कडेला, हाताला पीठ तसंच. तिने मला बघितलं आणि पिठाचं बोट ओठांवर ठेवलं.

"तुला माहिती होतं?" मी विचारलं.

"आठवडा झाला की."

"आणि मला रोज फोन करत होतीस, मशीन बंद पडलं म्हणून? शकीलभाईंना मिरजेहून पळवलंस?"

"मग काय सांगू? एक डाव मी मदे गेले, तर मला बघून जाग्याव थांबलं आन हात फुडं केला. तवापास्नं मी आतच ऱ्हाते. बघनारं कोन न्हाई म्हनून चालत्यात गं. कुनाला बोलू नगंस. बोललीस की बसतील."

इतकं सोपं होतं ते. आम्ही सगळे प्रेमाने हात धरायला धावत होतो, आणि आबा त्या हातांसमोर पडायला घाबरत होते. मला आईचा राग आला, आबांचा आला, आणि लगेच इतका आनंद झाला की मी तव्यावरची भाकरी करपवली.

शकीलभाईंना मात्र सांगावं लागलं, नाहीतर ते नवी पेटी घेऊन आले असते. फोनवर ते आधी खूप हसले. मग म्हणाले, "ताई, मग ह्यो बिघाड दुरुस्त करू नका. चालू द्या." त्यांनी एवढंच बघून घेतलं की पंप असा मध्येच बंद केल्याने मशीनला काही होत नाही.

त्यानंतर आईने जे सुरू केलं ते कुठल्या पुस्तकात नाही. आबांना पाण्यातून काढून, अंग पुसून, खाटेवर बसवायचं, हिरवं बटण दाबायचं आणि आत निघून जायचं. मोटार चालू. थोड्या वेळाने मोटार बंद. आई बाहेर यायची, "आगं बाई, परत लाइट गेली वाटतं," असं मोठ्याने म्हणून परत बटण दाबायची आणि आत. दर दोन-तीन दिवसांनी खाट थोडी लांब सरकायची. कारण विचारलं तर, ऊन सरकतंय. एकदा आबा म्हणाले, "ऊन सरकतंय का खाट सरकतीया?"  खाट शेवटी लिंबाच्या झाडापर्यंत गेली.

पाणी अर्थात त्या महिन्यात पुरतं कोमट कधीच झालं नाही. आबा पाण्यात उतरताना तक्रार करायचे, "गार हाय आज." आई म्हणायची, "काय करावं, मोटार आपूआप बंद पडतीया." त्यावर आबा पुढची पायरी उतरायचे. दोघंही एकमेकांना किती ओळखून होते आणि कोण कुणाला फसवत होतं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी विचारलेलंही नाही.

माघात त्यांना सांगलीला दाखवायला आणलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उठा, दारापर्यंत चला. आबा उठले आणि सवयीने माझ्याकडे हात केला. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. खूप शोधलं. किल्ल्या, रुमाल, जुन्या पावत्या, सगळं उचकलं. तिथे बंद करायला मोटार नव्हती. आबांचा हात थोडा वेळ हवेत राहिला, मग खाली गेला. मी पर्समध्येच बघत होते, पण कान फरशीवर होते. एक पाय नीट वाजत होता, दुसरा घासत होता. दाराची कडी वाजली तेव्हा मी मान वर केली. आबा दार धरून उभे होते. म्हणाले, "घावलं का न्हाई तुला अजून?"

पुढे ऊन तापलं. हीटरवर पोतं टाकलं. गेल्या थंडीत तो लागलाच नाही, आबा काठी घेऊन शिवारभर फिरत होते आणि हौदात सुभाषची पोरं डुंबत होती. मी ही गोष्ट दुकानात सांगून लोकांना हसवायचे.

या पावसाळ्यात आबांना ताप आला. गणपतीपासून आडवे झाले ते उठलेच नाहीत. ताप गेला, सगळ्या तपासण्या झाल्या. पायात नवीन काही नाही, डॉक्टर म्हणतात, उठून चाललं पाहिजे. आबा भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. दसऱ्याला मी गेले तेव्हा पाठ न वळवता म्हणाले, "आता बास झालं, पोरी." त्यांच्या तोंडून बास हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. परतताना बसमध्ये माझ्या डोळ्यांना सारखं पाणी येत होतं, आणि शेजारची बाई मला आवळ्याची सुपारी देत होती.

म्हणून परवा तानाजीदादाला सांगून हौद घासून घेतला. हीटरवरचं पोतं काढलं, काल पंप सुरू केला. पाणी तापायला अजून दोन दिवस लागतील. पण आईला मी रात्रीच सांगून ठेवलं होतं: उद्या ऊन आलं की त्यांना उचलून बाहेर आण. खाट पेटीच्या जवळच ठेव, अगदी भिंतीला लागून. मोटार चालू कर आणि आत जा. काही झालं नाही तर रडू नको, परवा परत कर.

चादर झटकून मी दुकानात आले. सकाळभर पाकिटं काढून देताना दोनदा चुकीचं औषध हातात आलं, नवऱ्याने ते बदललं. दुपार व्हायला आली तेव्हा फोन वाजला.

"हीटर बंद पडलाय," आई म्हणाली.

माझ्या तोंडून सवयीने निघालं, "फिल्टर बघितलास? कारखाने सुरू झालेत, राख..."

"काल धुतलाय."

"लाइट आहे?"

"हाय की. बल्ब पेटतोय." मग तिचा आवाज बारीक झाला. "मी चुलीपाशीच हुते गं. खिडकीतनं बघत हुते."

  फोनमध्ये नुसती गोठ्यातली घंटा ऐकू येत होती, आणि मग मागून, लांबून, चिडलेला, खणखणीत आवाज आला.

"कुनाशी बोलतीयास? त्या शकीलला सांग, मशीनची खोड अजून गेली न्हाई म्हनावं! आन भरल्या हौदाव मोटार चालू कुनी ठेवली?"

काउंटरपलीकडचा माणूस चिठ्ठी पुढे करून उभा होता. मी त्याला हाताने थांबवलं.

"आई," मी म्हटलं, "खाट जरा लांब सरकव, मोटार परत चालू कर, आणि आत जा."